झाड विकायच्या आधी रान विचारणारी नर्सरी (५ पैकी ४ स्टार)

चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते पुढं येईलच. आधी एक सांगते, दारात लावायला गुलाब, जास्वंद, कुंडीतला मनीप्लांट असलं काही बघत असाल तर इथं येऊ नका, ते कोपऱ्यात थोडंफार ठेवलंय पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष असतं असं रोपं बघून तरी वाटत नाही. ही शेतकऱ्यांची नर्सरी आहे. बांधावर, पडीक तुकड्यात, पिकाच्या मधे झाड लावायचं ज्याच्या डोक्यात आहे त्याच्यासाठी, आणि माझा रिव्ह्यू पण तेवढ्यापुरताच.

आमचं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, साडेतीन एकर. दोन एकर चांगलं काळं, मालदांडी ज्वारीचं रान, आणि बाकीचं मुरमाड, ओढ्याकडं उतरतं. विहीर आहे पण उन्हाळ्यात तळ दिसतो. आमचे हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कामाला, त्यामुळं रान मी आणि मामा म्हणजे माझे सासरे बघतो. मुरमाडात आधी डाळिंब होतं, ते तेल्या रोगानं अर्धं नेलं आणि राहिलेलं खोड पोखरणाऱ्या पिन होल बोरर किडीनं, सांगोल्यापास्नं इकडं ज्यांच्या ज्यांच्या बागा गेल्या त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. बाग काढल्यावर तुकडा पडूनच होता आणि ह्यांच्या मोबाईलवर रोज एक नवीन व्हिडिओ, चंदन लावा एकरी कोटी, महोगनी लावा, मिलिया दुबिया लावा सात वर्षात लखपती. तर चंदनाची रोपं आणायला म्हणून आम्ही इथं आलो.

चंदन दिलंच नाही त्यांनी!

म्हणजे नाही असं तोंडावर म्हणाले नाहीत. नर्सरीचे मालक स्वतः बसलेले असतात, सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी नुसते प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताई रान गावापास्नं किती लांब, रात्री वस्तीवर कोण असतं का, तूर करता का, मे महिन्यात विहिरीला पाणी किती वेळ चालतं. आम्ही सांगितलं वस्ती नाही, सगळे गावात राहतो. तर म्हणाले, "मग गाभा भरेपर्यंत झाड तुमचं आणि भरला की चोराचं." गाभा म्हणजे खोडाच्या आतलं वासाचं लाकूड, पैसे त्याचेच. आणि मग एकेक सांगायला लागले. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळातनं खातं, त्याला सुरुवातीला सोबत तूर लागती आणि पुढं कडुलिंबासारखं कायमचं झाड लागतं, एकटं लावलं की खुरटून बसतं. गाभा धरायला बारा-पंधरा वर्षं धरून चालायची, आणि तोडताना वनखात्याची परवानगी. व्हिडिओवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, तो एकरी रोपं किती बसतात त्याला भाव किती एवढाच गुणाकार करत होता. महोगनीचं विचारलं तर म्हणाले आधी घेणारा कोण ते नाव-पत्त्यासकट घेऊन या, मग रोपं देतो. मिलियाला म्हणे पाणी पाहिजे आणि लाकूड घेणारा कारखाना जवळ पाहिजे, नाहीतर ट्रकभाडंच सगळं खाऊन टाकतं. आमचे हे गाडीत बसल्यावर लई चिडले होते, गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार पहिल्यांदाच बघितला म्हणाले. मला मात्र तिथंच माणूस पटला.

यांची सर्व्हिस म्हणजे रान बघायला येतात. पाचशे रुपये घेतात, नंतर रोपं घेतली तर बिलातून वजा करतात. अण्णा आणि त्यांच्याकडचा एक पोरगा आला, पोराच्या हातात कुदळ, चार ठिकाणी खणून मुरूम किती खाली लागतो ते बघितलं, बांध कुठल्या दिशेला आहेत ते लिहून घेतलं, शेजारी कोण आहे आणि त्याच्याशी बोलणं आहे का हे पण विचारलं!! हसू नका, बांधावर झाड लावायचं म्हणजे अर्धा प्रश्न तोच असतो, झाड मोठं झालं की सावली शेजाऱ्याच्या पिकात गेली, मुळ्या शेजाऱ्याच्या रानात गेल्या, की संपलं.

सावलीचं त्यांनी समजावलेलं मला लई आवडलं. आपली ज्वारी रब्बीची, त्या दिवसात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे दक्षिणेच्या बांधावरच्या झाडाची सावली आपल्याच ज्वारीवर पडती आणि उत्तरेच्या बांधावरची शेजाऱ्याच्या. आमच्या उत्तरेला पाणंद म्हणजे गाडीवाट आहे, तर उंच झाडं लावायची ती तिकडंच, दक्षिणेला नुसतं गिरिपुष्प, तेही कमरेएवढं ठेवून छाटत राहायचं आणि पाला ज्वारीच्या रानात टाकायचा. गिरिपुष्प म्हणजे आपली उंदीरमारी, शेंगवर्गातली आहे त्यामुळं पाल्यात नत्र चांगलं. हे काही अण्णांचं डोकं नाही, आपल्याच सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात, जे १९३३ पासूनचं आहे, सुबाभळीचा पाला रब्बी ज्वारीला नत्र म्हणून द्यायचे प्रयोग कित्येक वर्षं झालेत. मग सुबाभूळच का नको असं मी विचारलं, तर म्हणाले बी पडून रानभर होती आणि निस्तरताना कंबर मोडती, शिवाय जनावराला चाऱ्यात एक तृतीयांशच्या वर द्यायची नाही, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. शेळीवाल्यांनी लक्षात ठेवा.

मामांचं मत वेगळं. त्यांनी बांधावर उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडाखाली ज्वारी येती व्हय कधी? आन पाखरं कुठं बसत्याली?" आणि खरंय ते, कणसात दाणा भरायला लागला की पाखरांना बसायला बांधावरचं झाड लागतं, तिथनं उठून कणसावर. आमच्याकडं जुन्या लोकांनी ज्वारीच्या रानातली झाडं तोडली ती काय उगीच नाही तोडली. यावर अण्णांकडं धड उत्तर नव्हतं. राखण करा म्हणाले, गोफण घ्या म्हणाले. आता गोफण मारायला माणूस कुठनं आणायचा, पोरं शाळेत आणि आमचे हे एमआयडीसीत. झाडाजवळच्या दोन-तीन ओळी बारीक राहणार हे मात्र त्यांनी आधीच कबूल केलं, लपवलं नाही.

पश्चिमेच्या बांधावर आमच्याकडं कडुलिंबाचे बुंधे आहेत, मामा दरवर्षी फुटवे तोडून जळणाला नेतात. अण्णा तिथं थांबले आणि म्हणाले या बांधाला माझ्याकडनं एक रोप घेऊ नका. प्रत्येक बुंध्यावर दोन सरळ फुटवे ठेवा बाकीचे काढा, खालची मुळी जुनी आहे, पाणी घालायची गरज नाही, नवीन रोप पाच वर्षात जेवढं होईल तेवढं हे दोन वर्षात होईल. आणि मग आफ्रिकेतल्या नायजर देशाचं सांगितलं, तिथं पण आपल्यासारखंच, आपल्याहून कमी पावसाचं, बाजरी-ज्वारीचं रान, आणि १९८० च्या दशकापासून तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी रोपं लावायचं सोडून जुन्या बुंध्यांचे फुटवे राखायला सुरुवात केली तर लाखो हेक्टरवर झाडी परत आली. मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं, खरं निघालं. रोपं विकून पोट भरणारा माणूस रोप घेऊ नका म्हणतो म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. मामांना जळण कमी पडेल म्हणून ते कुरकुरले, मग निम्मे बुंधे त्यांचे निम्मे माझे असं ठरलं.

मुरमाडाला सीताफळ सुचवलं. कारण ऐकून मी लगेच हो म्हणाले, शेळ्या सीताफळाला तोंड लावत नाहीत. आमच्या ओढ्याच्या पलीकडं शेळ्यांचा कळप रोज असतो, आणि आमच्या भागात लावलेली झाडं का जगत नाहीत याची दहा कारणं सांगतील लोक पण पहिलं कारण शेळी आहे. तारेचं कुंपण करायचं तर रोपांच्या कितीतरी पट खर्च. जातीवरनं जरा चर्चा झाली, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या एनएमके-१ गोल्डनचं नाव सगळीकडं आहे, गर जास्त बी कमी, फळ टिकतं, पण कलम महाग. बाळानगर स्वस्त. आम्ही दोन्ही घेतलं, पाच बाय पाच मीटरवर, सगळ्या तुकड्यात नाही, निम्म्यातच, बाकी पुढच्या पावसाळ्यात. मधल्या पट्ट्यात तूर आणि मटकी चालूच ठेवायची. ओढ्याच्या बाजूला थोड्या कलमी चिंचा, बियाच्या चिंचेला फळाला आठ-दहा वर्षं जातात, कलमीला चार-पाच, आणि चिंच विकायला बार्शीचा बाजार जवळ, त्यामुळं घेणारा कोण हा प्रश्न इथं नाही. चिंच, आंबा, साग, चंदन ही झाडं स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या कायद्यात त्यांची यादी आहे, हे पण आधीच सांगितलं.

आणि उत्तरेला शेवगा, पीकेएम-१ जातीचा. यामागचं कारण मला सगळ्यात जास्त पटलं म्हणून जरा लांबलं तरी लिहिते. आमच्यासारख्याकडं साडेतीन एकर, त्यातला तुकडा झाडाला दिला तर सीताफळाचे पैसे यायला तीन-चार वर्षं, चिंचेचे त्याहून पुढं, आणि त्या मधल्या वर्षात सोसायटीचं कर्ज, पोराची फी, दवाखाना कुणासाठी थांबत नाही. झाडं चांगली हे काय शेतकऱ्याला कळत नाही का, सगळं कळतं, पण मधल्या वर्षात खायचं काय हे कुणी सांगत नाही, ना व्हिडिओवाला ना मीटिंगला येणारे साहेब. राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण २०१४ ला आलं, असं धोरण करणारा भारत जगातला पहिला देश म्हणे, छान आहे. अण्णांनी त्यावर न बोलता शेवगा लावायला लावला, तो सहा-आठ महिन्यात शेंगा देतो. पहिल्याच हंगामात सिद्धेश्वर मार्केट यार्डात आमच्या शेंगा गेल्या. भाव एकदा बरा लागला आणि नंतर पडला, आडत्यानं दोन्ही वेळेला सारखंच तोंड केलं होतं, पण ठिबकच्या नळ्यांचे पैसे निघाले. शेवग्याला मात्र शेळ्या सोडत नाहीत, पाणंदीकडनं खाल्लाच, बाभळीच्या काट्या लावाव्या लागल्या.

लावायच्या वेळेबद्दल पण त्यांचं वेगळं आहे. सगळे मृगाला पाऊस झाला की लगेच लावतात, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टमधे खंड पडतो त्यात निम्मी रोपं जळतात. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात सगळ्यात भरवशाचा सप्टेंबरचा. त्यांनी खड्डे उन्हाळ्यात काढून घ्यायला लावले, उन्हानं तापू दिले, रोपं मात्र पोळा झाल्यावर दिली, जरा मोठी, दोन फुटापर्यंतची. उत्तरा आणि हस्त दोन्ही बरे झाले त्यामुळं हिवाळा निघाला, पुढं ठिबक आणि आळ्यात कडब्याचं आच्छादन. वाळवीनं काही खाल्ली, काही भेगाळलेल्या जागेत मुळी उघडी पडून गेली, बाकी बहुतेक उभी आहेत. हा सल्ला सगळ्यांना लागू होईल असं नाही, ज्यांच्याकडं हिवाळ्यात पाणीच नाही त्यांनी विचार करून घ्या.

आता तक्रारी.

रोपं सगळी एक नंबर नव्हती. सीताफळाच्या काही पिशव्या लहान होत्या आणि आत मुळी गोल गोल फिरलेली, अशी मुळी पुढं जमिनीत पण गोलच फिरत राहते आणि झाड जोर धरत नाही. मी गाडीत भरायच्या आधी एक पिशवी फाडून बघितली म्हणून कळलं. बदलून दिली, पण भरणाऱ्या पोरानं तोंड वाकडं करून दिली. चिंचेच्या कलमांना जोडाची प्लास्टिक पट्टी तशीच राहिली होती, ती वेळेवर काढली नाही तर जोडात रुतते, आणि हे सांगायचं काम त्यांचं होतं, मला शेजारच्या एका दादांनी सांगितलं.

बिल. पाचवा स्टार इथं गेला. पहिल्या बिलावर नुसतं "फळझाड रोपे" आणि खाली रक्कम, जात नाही, नर्सरीचा परवाना नंबर नाही. आम्हाला भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अर्ज करायचा होता (२०१८ पासून आहे, अनुदान तीन वर्षात ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि कोरडवाहू झाडं ८० टक्के तर बागायती ९० टक्के जगलेली दाखवावी लागतात). त्याला नीट बिल पाहिजे, तर बिलासाठी परत हेलपाटा, आणि सीझनमधे यांचा फोन कुणी उचलत नाही. परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलाय पण बिलावर नाही, काय म्हणावं. शेतकऱ्याचं निम्मं काम कागदावर अडतं हे यांना माहीत नसेल असं नाही.

बाकी योजनेचं ते नर्सरीच्या हातात नाही पण बोलून घेते, सातबारा मामांच्या नावावर, अर्ज त्यांच्या नावानं, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, आणि मामा मोबाईल घरी ठेवून रानात. खड्डे मी काढून घेतले, पाणी मी घालते, कागदावर मी कुठंच नाही. आमच्याकडच्या बहुतेक बायकांचं हेच आहे आणि मीटिंगला बोलवतात ते पुरुषांना. अण्णा रान बघायला आले तेव्हा प्रश्न मला विचारत होते, एवढं त्यांचं कौतुक. ई-पीक पाहणीत (मोबाईलवरनं आपलं पीक सातबाऱ्याला नोंदवतात ते) बांधावरची झाडं नोंदवायचा पर्याय आहे ते पण त्यांनीच दाखवलं, पुढं तोडताना किंवा रस्त्यात रान गेलं तर नोंद उपयोगी पडते.

बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही. लांबनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि मालकांनी हे वाचलं तर कृपा करून एक बांधा, पैसे आहेत तुमच्याकडं.

अजून एक राहिलं. आमच्या गावातले एकजण माळावर, नान्नजच्या बाजूला, गवताळ पडीक जमीन आहे तिथं दाट झाडं लावायची म्हणून यांच्याकडं मोठी ऑर्डर घेऊन आले होते, मी तिथंच होते. अण्णांनी त्यांना नको म्हणून सांगितलं, तो माळढोकाचा पट्टा आहे, अभयारण्य १९७९ पासूनचं, त्या पक्ष्याला उघडं गवत लागतं, झाडी झाली की तो येत नाही, आणि गवत गेलं की मेंढ्या कुठं जाणार. ऑर्डर गेली. ते गृहस्थ दुसरीकडनं रोपं घेऊन आले असतील, मला माहीत नाही.

रेट सांगायचं तर बाजारापेक्षा थोडे जास्तच, कलमी चिंच सव्वाशेच्या घरात, शेवगा स्वस्त, गिरिपुष्पाच्या फाट्या तर मागितल्या तर फुकट देतात. मोठ्या ऑर्डरला टेम्पो त्यांचा, भाडं वेगळं. घासाघीस फार होत नाही. जाताना सातबाऱ्याचा फोटो, मुरूम आणि काळी दोन्हीची मूठ मूठ माती पिशवीत, आणि बांधांचे फोटो घेऊन जा, दुपारी चारच्या आत. पिशवी फाडून बघायला लाजू नका, बिलावर जात आणि परवाना नंबर तिथंच लिहून घ्या. आणि रविवारी जाऊ नका, रविवारी अण्णा नसतात, त्यांचा मुलगा बसतो, तो काही विचारत नाही, जे मागाल ते देतो, चंदनसुद्धा.